साठेकाकूंचा राहिलेला माठ

साठेकाकू आमच्याकडे पहिल्यांदा आल्या, तेव्हा चहाच्या आधी त्यांनी भिंतीतली खुंटी पिरगाळून बघितली. मग कोनाड्यातला दिवा उचलला, ठेवला, आणि घरमालकांचं जुनं कपाट खांद्याने ढकललं. मी नुकतीच बँकेच्या बदलीवर लखनौला आले होते. म्हटलं, झालं! शेजार मिळाला तो असा.

"हात लावून बघायला काय जातंय?" काकू म्हणाल्या.

आणि कपाटामागे दार निघालं! कडी काढली, तर जिना थेट निशातगंजच्या भाजीबाजारात उतरत होता. घरमालक धावत आले. "भाभीजी, ये तो बरसों से बंद है!"

"तो अब खुल गया ना, भैया," म्हणत काकू त्याच जिन्याने कोथिंबीर आणायला गेल्या.

हे खूळ व्हिडिओ गेममधून आलेलं. काकूंचा मुलगा नोकरीला बंगलोरला गेला, तेव्हा टीव्हीला जोडायचा गेम मागे ठेवून गेला. त्यात एक बुटका कंदील घेऊन उड्या मारत पळतो. वाटेत माठ, घंटा, विटा लागतात. नेमका माठ ढकलला की जमीन सरकते आणि चोरवाट उघडते. काकूंना जिंकण्याशी काही देणंघेणं नव्हतं. राक्षस अंगावर आला तरी, "थांब रे मेल्या, आधी ही वीट बघू दे!"

एकदा मी त्यांना इमामबाड्यातला भूलभुलैया बघायला नेलं. तिथेही भिंती ठोकत चालल्या. गाइड रडकुंडीला आला. "माताजी, ये दीवार है, सिर्फ़ दीवार!"

"तुमने दबाके देखा?"

साठेकाका मात्र खुर्चीत गप्प. त्यांचं सगळं आयुष्य बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या तळावर विमानं तपासण्यात गेलं. घरीही तेच. पोळी जाड, खिळा वाकडा, घड्याळ दोन मिनिटं मागे. दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही, असं काकू सांगायच्या. मी आले तोवर त्यांना अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणत, जीभ ठीक आहे, बोलू शकतील. पण काका मनावरच घेईनात. वर्षभरात एक शब्द नाही. काकू रोज त्यांची खुर्ची टीव्हीसमोर ओढायच्या आणि खेळायला बसायच्या.

त्या हिवाळ्यात मात्र काकू एक भलतीच चूक करायला लागल्या. तिसऱ्या टप्प्यात विहिरीपाशी दोन माठ होते. उजवा ढकलायच्या, डावा तसाच सोडून पुढे. पुढे वाट बंद, बुटका खड्ड्यात! रोज हेच. बँकेतून आल्यावर मी तिथे टेकायचे आणि मला ते बघवायचं नाही.

"काकू, तो डावा..." एवढं म्हणेपर्यंत माझ्या मांडीला असा चिमटा बसायचा, की डोळ्यांत पाणी यायचं.

"तू गप गं. मला कळतंय."

काय कळतंय, कपाळ! एकही वीट न सोडणारी बाई दीड महिना तोच माठ विसरत होती. मला वाटलं, आता यांचंही वय झालं.

संक्रांतीला संध्याकाळी मी तिळाचे लाडू घेऊन गेले. बुटका विहिरीपाशी आला. काकूंनी उजवा माठ ढकलला आणि डाव्याकडे ढुंकूनही न बघता निघाल्या.

"अगं, डावा राहिला!"

आवाज खुर्चीतून आला होता. खरखरीत, चांगलाच वैतागलेला. मी लाडूचं ताट घेऊन उभीच राहिले. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. बुटका खड्ड्यात पडला, तो त्यांनी पडू दिला.

"कुठला हो?" त्यांनी विचारलं.

"डावा! रोज विसरतेस. किती दिवस बघतोय मी!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. स्वतःची लाज वाटली आणि रडूही फुटलं.

काकूंनी जॉयस्टिक त्यांच्या मांडीवर ठेवली. "मग तुम्हीच लावा हात. बघायला काय जातंय?"

काकांनी माठ ढकलला. मग म्हणाले, खिळा वाकडा आहे. मग म्हणाले, या पोरीचे लाडू कडक झालेत. काकू डोळे पुसत प्रत्येक चुकीला "हो हो, चुकलंच" म्हणत होत्या.