पाच हजार सेकंद

सुप्याच्या कारखान्यात गेटचा कॉम्प्युटर जळाला. त्याच्या जागी लिनक्सवर चालणारा नवा कॉम्प्युटर आला आणि विंडोजवर चालणारा गेटचा प्रोग्रॅम गप्प बसला. तो लिहिला होता गेटवर काम करणाऱ्या मरियाने, मोबाईलवर बघून बघून शिकून.

"साहेब, चार दिवस द्या," ती म्हणाली. "प्रोग्रॅम सिस्टिमला जिथं जिथं हाक मारतो, ते सगळं पॉझिक्सच्या, म्हंजे बऱ्याच सिस्टिम पाळत्यात त्या ठरलेल्या नियमानं लिहिते. मग उद्या कुठलंबी मशीन आणा."

मॅनेजर आबासाहेब हसले. "पुण्याचे सुनील सर अर्ध्या तासात करत्यात. इंजिनिअर हायेत ते. तू आजपासून पॅकिंगला बस."

सुनीलने जुन्या हाकांची नावं खोडून नवी घातली. आकडे तसेच ठेवले. पदवीवाल्याला आकडे कोण विचारणार?

दुपारी आबासाहेब जेवून आले. गेटवर गाडीचा फोटो निघाला, पण आडवा दांडा हलेना.

"पुंजाराम, हातानं उघड!"

"हातानं उघडायचं हँडल तुमीच कापाय लावलं, साहेब," वॉचमन म्हणाला. "आमी चोर ना, गुपचूप गाड्या सोडू म्हनून."

मागे ट्रक, ट्रकमागे शिफ्टची बस. सुनीलने मशीन बंद करून चालू केलं. परत फोटो, परत तेच. शेवटी मरियाला बोलावलं.

तिने स्क्रीन बघितली. "फोटोनंतर पाच सेकंद थांबायला मी पाच हजार लिहिलं हुतं. विंडोज सेकंदाचे हजार भाग मोजतं. सरांनी घातलेली हाक अख्खे सेकंद मोजती. एक तास तेवीस मिनिटं थांबा."

"मग तीन शून्यं उडव की!"

"ठिगळ लावनार न्हाई. असं अजून चाळीस जागी हाय. चार दिवस, आन् लेखी."

"तुझ्यावाचून अडलंय व्हय? थांबतो मी!"

आणि थांबले, भर उन्हात. एक तास तेवीस मिनिटांनी दांडा वर गेला. बसमधून टाळ्या पडल्या.

"बघ! उघडलं का न्हाई?"

तेवढ्यात भोंगा सुरू झाला. दांडा उघडल्यावर अर्धा सेकंद वाजायचा तो. तिथे पाचशे लिहिलेलं. थांबेचना. आग लागली समजून अख्खा कारखाना मैदानात धावला.

"किती वेळ?" आबासाहेब कान दाबून ओरडले.

"आठ मिनिटं! वर वीस सेकंद!"

"घे बाई तुझे चार दिवस!"

"पाच!" मरिया ओरडली. "सरांनी केलेलं आधी उसवायचंय."

आबासाहेब गाडीच्या टपावर कागद ठेवून खिसे चाचपू लागले. पेन सुनीलने दिलं.