पुराव्याअभावी बैल

नाताळच्या गोठ्यात चौदा आकृत्या होत्या. मेंढ्या पाच, मेंढपाळ दोन, राजे तीन, मरिया, योसेफ, एक गाढव आणि एक बैल. पंधरावं बाळ. ते आदल्या संध्याकाळपर्यंत लपवलेलं असे, आणि कुठं ते फक्त आईला ठाऊक.

धाकट्याला विज्ञानाची पदवी मिळाल्यापासून घरात सगळे त्याला 'पुरावा' म्हणत. त्यानं यंदा बायबलमधली शुभवर्तमानं नीट वाचली.

"यात बैल नाहीच. गाढवही नाही. नंतर कुणीतरी घुसडलेत."

"आणि राजे?" ताईनं विचारलं.

"संख्याच दिलेली नाही. त्यांना संशयाचा फायदा. पंचवीस तारीखसुद्धा लिहिलेली नाही कुठं."

"मग उद्याची सुट्टी परत कर."

आई सकाळच्या पाळीला रुग्णालयात गेली होती. पुराव्यानं बैल आणि गाढव पिशवीत घातले आणि चर्चच्या मदतविक्रीत देऊन आला. तेवढंच सत्कार्य.

दुपारी आई आली. हातपाय धुऊन तिनं गव्हाणीतल्या गवतात अंगठ्यानं खळगा केला आणि बैलाकडे हात नेला. हात तसाच राहिला.

"बैल कुठाय रे?"

त्यानं सगळं समजावून सांगितलं, अगदी संदर्भासकट.

आई खुर्चीत बसली. "त्याच्या पोटात बूच आहे. तुम्ही लहानपणी घर उलथं करायचात, म्हणून तुझ्या आजोबांनीच केलेली जागा ती. बाळ कापसात गुंडाळलेलं असतं."

"तरीच वाजलं नाही," पुरावा म्हणाला, आणि जीभ चावली.

ते बाळ आजोबांनी शेवटच्या आजारात, थरथरत्या हातानं कोरलं होतं. त्यानंतर त्यांनी काही केलं नाही.

तो धावतच गेला. टेबलावर गाढव एकटंच होतं.

"बैल?" विक्रीवरच्या बाई म्हणाल्या. "तो लगेच गेला. कोण होत्या, माहीत नाही बाई. म्हणाल्या, बैलाशिवाय कसला आलाय गोठा."

"गाढव नाही नेलं?"

"त्यांच्याकडे होतं म्हणे."

त्यानं गाढव परत घेतलं.

"आणलंस?" ताईनं दारातच विचारलं. मग पिशवीत पाहिलं आणि गाढव काढून आईकडे दिलं. आईनं गाढव पदरानं पुसून जागेवर ठेवलं. "चहा घे," ती म्हणाली.

संध्याकाळी पुराव्यानं मोजलं. आकृत्या तेरा. गवतातला खळगा सहा सेंटीमीटर लांब, अडीच रुंद.