चार्ज कुणाकडे आहे?

या, कार्यक्रम सुरू व्हायला वेळ आहे अजून, असे इकडे जवळ बसा, तिकडे दाराशी नको. दिल्लीला येता, सरोजिनी नगरच्या बाजारात तीन-तीन तास कुर्ते उपसता, आणि फरीदाबाद म्हटलं की तुम्हाला लांब पडतं. मेट्रो थेट येते हो आमच्याकडे. तुम्हीच येत नाही, म्हणून तर सबनीस भाऊजी तुम्हाला अजून माहीत नाहीत.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले. सगळी नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीत, निवृत्त झाले सेक्शन ऑफिसर म्हणून. अख्ख्या इंग्रजीतून या माणसाने एकच शब्द उचलला आणि त्याच्यावर संसार केला. तो शब्द म्हणजे चार्ज.

मुलीच्या पाठवणीला सगळे डोळे पुसत होतो. भाऊजींनी जावयाचा हात धरला आणि म्हणाले, "आज दुपारनंतर चार्ज तुमच्याकडे."

मुलगी रडता रडता थांबली. "बाबा, मी काय फाइल आहे का?"

"फाइल नाही गं. पूर्ण सेक्शन आहेस."

सरकारात म्हणे बदली झाली तरी नुसतं उठून जाता येत नाही. जुन्याने चार्ज द्यायचा, नव्याने घ्यायचा, दोघांनी सह्या करायच्या, आणि हे दुपारच्या आधी झालं की नंतर तेसुद्धा लिहायचं. भाऊजींनी तो कायदा घरी आणला. सुमती, म्हणजे त्यांची बायको, आंघोळीला जाताना म्हणायची, "दूध बघा हो जरा." की हे घड्याळात बघून म्हणणार, "चार्ज घेतला. पूर्वाह्न." दूध उतू जायचं ते जायचंच. बोललं, तर म्हणत, "चार्ज माझ्याकडे होता, दूध गॅसकडे होतं."

एकदा मेट्रो स्टेशनवरून मी, सुमती आणि भाऊजी ई-रिक्षात बसलो. अर्ध्या वाटेत रिक्षा थांबली. रिक्षावाला म्हणाला, "अंकल, चार्ज नहीं है."

"नहीं है मतलब? किसको दिया?"

"किसी को नहीं दिया जी. खतम हो गया."

"चार्ज कभी खतम नहीं होता, बेटा. आदमी खतम होता है, चार्ज अगले के पास जाता है."

तो बिचारा आधी भाऊजींकडे बघे, मग बॅटरीकडे. आम्ही उन्हातून चालत घरी आलो आणि वाटभर यांचं व्याख्यान.

टीव्हीवर लाठीचार्जची बातमी लागली तर हे म्हणणार, "बघा, हा एकच चार्ज असा, की घेणाऱ्याची सही लागत नाही." आमच्या महिला मंडळातल्या एका बाईंनी एकदा टोकलं, "मराठीत कार्यभार म्हणावं." भाऊजी म्हणाले, "त्यात भार आहे हो. ऐकूनच माणूस वाकतो. चार्ज म्हटलं की ताठ होतो."

आता गेल्या वर्षीचं सांगते.

सुमती विसरायला लागली. आधी वरणात दोनदा मीठ, मग गॅसवर जळून काळी झालेली रिकामी कढई. डॉक्टर म्हणाले, यांना गॅसपाशी जाऊ देऊ नका. लेकीने पुण्याहून फोन केला, "बाबा, स्वयंपाकाला बाई ठेवा." फोन स्पीकरवर होता आणि सुमती तिथेच बसलेली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मला माझ्याच स्वयंपाकघरातून काढणार का गं हे?"

आठवड्याने मी त्यांच्याकडे गेले, तर भाऊजी ओट्याशी भेंडी चिरत उभे आणि ही बाहेर खुर्चीत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "घेतलात ना शेवटी तिचाही चार्ज?"

त्यांनी सुरीनेच फ्रिजकडे दाखवलं. तिथे एक कागद चिकटवलेला होता, अगदी कचेरीतल्यासारखा. 'सौ. सुमती सबनीस रजेवर आहेत. रजेच्या काळात स्वयंपाकघराचा तात्पुरता अतिरिक्त चार्ज श्री. सबनीस यांच्याकडे राहील. मूळ पद कायम.' खाली एकेक काम. कुकर, फोडणी, दूध. प्रत्येक कामासमोर दोघांच्या सह्या.

"रजेवरच्या माणसाची खुर्ची कुणी काढून घेत नाही, वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले. "रोज सकाळी विचारतो, मॅडम, रजा वाढवायची का? ती म्हणते, वाढवा, तुम्हाला जमतंय तोवर."

मी कागद पुन्हा वाचला. शेवटच्या कामासमोर सुमतीने माहेरच्या नावाने सही केली होती, सुमती दिघे. तिच्या शेजारी भाऊजींच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सही तपासली. बरोबर आहे.'

एक काम मात्र त्यांनी अजून घेतलेलं नाही. दारात कुणी आलं की "बसा, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही" असं म्हणायचं, ते तिच्याकडेच आहे. आत जाऊन चहा भाऊजी करतात. पण इतक्या लांब येतं कोण? मी रोजचीच, मला ती पाहुण्यांत धरत नाही.

म्हणून म्हणते, लवकर या एकदा. ती चहाचं तीनदा विचारेल. तीनदाही हो म्हणा.