धाकट्याची फांदी

कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं जुळवण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय! म्हणूनच सासऱ्यांनी घराण्याचा इतिहास लिहिला, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, “बाबा, वंशवृक्ष माझ्यावर सोडा. चहा निवायच्या आत झाड उभं करतो!”

झाड उभं राहिलं. पण थोरल्या ताईंची चार मुलं आणि आमची दोन अशी ऐसपैस पसरली, की धाकटा मेव्हणा सरकत सरकत पार आत्यांच्याही पलीकडे, पानाच्या कडेला जाऊन चिकटला. दारात लटकलेल्या प्रवाशासारखा!

सासूबाईंनी चष्मा लावून पान पाहिलं.

“जावईबापू, हा इतका लांब का?”

“आई, त्याच्याखाली कुणी नाही ना. कॉम्प्युटर त्याला कडेला ढकलतो.”

“आधीच समुद्रापलीकडे जाऊन बसलाय. महिन्यातून एकदा ‘बरा आहे’ एवढा मेसेज.” त्यांनी त्याच्या नावावरून बोट फिरवलं. “कागदावर तरी माझ्याजवळ आणा की!”

आणला!

फांद्यांमधलं अंतर कमी केलं, तर ताईंची मुलं एकमेकांच्या अंगावर चढली. अक्षर बारीक केलं, तर सासरे मुंगीएवढे झाले. शेवटी मी सरळ धाकट्याची चौकट धरली आणि डावीकडे ओढली. बसला की नेमका! मी खूश, सासूबाई खूश. सासरे तर इतके खूश, की न तपासताच त्यांनी ते पान सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिलं.

पहिला फोन आत्यांचा. सासऱ्यांची बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, लग्न न केलेल्या.

“जावईबापू, मला मुलगा झाला! मला कळवायचं तरी!”

मी पान उघडलं. ओढाओढीत धाकट्याची रेघ सासऱ्यांपासून तुटून आत्यांच्या चौकटीला जोडली गेली होती!

मग काय, फोनची रांगच लागली. चुलत सासऱ्यांनी “दत्तक दिला की काय?” विचारलं. कुणीतरी आत्यांचं अभिनंदनही केलं! सासरे घरभर येरझाऱ्या घालत होते. बायको म्हणाली, “तुम्ही आता माहेरी जा!”

“माझं माहेर कुठलं?”

“शोधा!”

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. मी कानापासून लांब धरूनच उचलला.

“भावोजी, मी आत्याचा कधी झालो?”

धाकटा! प्रत्यक्ष आवाज! मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी फोन हिसकावला.

“अरे, जेवलास का?”

झाडाबद्दल ती माउली चकार शब्द बोलली नाही. खोकला गेला का, खोलीत ऊन येतं का, शर्टाची बटणं कोण लावतं! पलीकडून तो हसत होता, आणि इकडे सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. फोन तापला, तरी खाली ठेवेनात.

शेवटी ठेवला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

“पुढचं पान आधी मला पाठवा, म्हणाला. मी तपासून फोन करतो.”

“आत्ता दुरुस्त करतो, आई!”

“इतकी कसली घाई?” त्या हळूच म्हणाल्या. “एखादी चूक राहू द्या ना.”

मी राहू दिली. तो बोलला. मग आणखी एक राहिली. तो पुन्हा बोलला. पुस्तक मात्र अजून छापखान्यात गेलेलं नाही, आणि जावयाला साधं झाड जमत नाही, हे सासरे भेटेल त्याला सांगत सुटलेत.

काल सासूबाई स्वतःच माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“या वेळी माझंच नाव गाळून बघा,” म्हणाल्या. “बघू, किती लवकर फोन येतो.”

गाळलंय. दोघं फोनपाशी बसलोय.