तबकडीवरचे जोर

शरीर व्यायामाने कमावतात आणि कंटाळ्याने गमावतात, हे सत्य कुंडलजवळच्या एका तालमीला लढाई संपली त्या वर्षी कळले. कळवले लालासाहेबाने. पलटणीतून परतताना तो चावीचा ग्रामोफोन आणि एक तबकडी घेऊन आला होता.

"गोऱ्यांची पलटण बाजाबिगर पाऊल टाकत न्हाई," तो म्हणाला. (ती पलटण त्याने जेवणाच्या रांगेतच पाहिली होती, पण पाहिली होती.)

आकाराम पैलवानाला हे पटले. त्याला काहीही पटले असते. "जत्रंची कुस्ती मार, मग अंजनाचं बोलू," असे जोतीरामाने त्याला बजावले होते, आणि अंजना जोतीरामाची एकुलती एक मुलगी होती.

तबकडीच्या एका बाजूला नाटकातले पद होते, दुसऱ्या बाजूला भूपाळी. पदावर जोर, भूपाळीवर बैठका, असे नाथाजी वस्तादांनी ठरवून दिले. फायदे लगेच दिसले. पूर्वी पैलवान दमला की थांबे. आता तो गाणे संपल्यावरच थांबू लागला. चावी उतरली की गाणे रेंगाळे, त्याबरोबर जोरही रेंगाळे; त्यामुळे एकेक जोर दुप्पट लांब, म्हणून दुप्पट पौष्टिक होई. बाजू संपली की लालासाहेब तबकडी उलटेपर्यंत सगळे कमरेवर हात ठेवून स्तब्ध उभे राहत. शिस्त अशी, की घामही ओघळायचा थांबे. शिवाय बाहेर कट्ट्यावर नुसते ऐकत बसणाऱ्यांची भूक वाढली, हा फायदा वेगळाच.

जत्रेत आकारामाची गाठ सांगलीच्या पैलवानाशी पडली. हलगी कडाडली. आकारामाने त्याला असा खाली घेतला, की जोतीराम शेजारच्या अनोळखी माणसाला "जावई हाय आमचा" म्हणून मोकळा झाला. आता फक्त पाठ टेकवायची होती. तेवढ्यात हलगीचे कातडे सैल पडले आणि सिद्धू हलगीवाला ते शेकायला जाळाकडे गेला.

आकाराम उठला आणि कमरेवर हात ठेवून स्तब्ध उभा राहिला.

"आरं, काय झालं रं?" वस्तादांचा आवाज चिरकला.

"बाजू पालटू द्या की, वस्ताद."

सांगलीकर क्षणभर थांबला (सांगलीची माणसे सभ्य) आणि मग त्याने आकारामाला आस्मान दाखवले.

तालमीच्या पंचांनी रीतसर चौकशी केली. पराभवाच्या वेळी संगीत वाजतच नव्हते, सबब ते निर्दोष. व्यायाम करणारा मात्र हरला. उलट कट्ट्यावर बसून ऐकणाऱ्यांपैकी आजवर एकही चितपट झालेला नाही. तेव्हा व्यायाम बंद करून संगीत चालू ठेवावे, असे एकमताने ठरले. लाल माती सपाट करून वर सतरंजी अंथरली. सभासद दसपट झाले. जोतीराम तर तक्क्या घेऊनच आला.

चावी फिरवायचे काम आकारामाकडे आले. फिरवता फिरवता त्याने खाली मान घालून विचारले, "मामा, आमच्या कामाचं कसं?"

"कुस्ती तर हारलास."

"व्हय."

"पर गावात अंग हालवणारा तूच एकटा उरलास गड्या." जोतीरामाने डोळे मिटले. "दिली पोरगी. आता भूपाळी लाव."

पुढे नियमात एक दुरुस्ती झाली: ज्यांना ऐकणेही झेपत नाही, त्यांनी व्यायामाविषयी काही वाचले तरी चालेल. आपण इथवर वाचलेत, म्हणजे आजचा आपला व्यायाम झाला. लगेच उठू नये.