बबीचा बैल

आमच्या बबीचा लाकडी बैल वर्षभर जागा असे. इतरांचे बैल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, माळ्यावरून उतरत. संध्याकाळी पोरं ते सजवून घरोघर नेत, बोजारा म्हणून खाऊ मिळवत, की बैल पुन्हा माळ्यावर. बबीचा मात्र भर दुपारी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या फरशांवरून चाकं खडखडवत फिरे. बबीचं वय सहा, पुढचे दोन दात गायब, आणि गळा असा की गिरणीच्या भोंग्यानं रजा टाकावी. आता त्या फरशाही गेल्या. पण आवाज अजून कानात आहे.

"मी सांगून राहिली हं!" हे तिचं पालुपद. "मी सांगून राहिली हं, नळ आला! मी सांगून राहिली हं, काकूची भाजी करपली!" ही काकू म्हणजे मी. लग्न होऊन नुकतीच आले होते, आणि माझी करपलेली वांगी सासूबाईंच्या आधी गल्लीला कळत. राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण तिची आई गिरणीत पाळीला जायची आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. भिंतींशी किती बोलणार बिचारी?

शेजारच्या काकाजींना हे पटत नसे. ते रेल्वेत गार्ड होते. जन्मभर गाडीच्या धडधडाटात झोपलेला माणूस, पण या बैलानं ताडकन उठे.

"काहून वं राक्षसीन, डोकं दुखवून राहिली!" ते खिडकीतून ओरडत.

"मी नाही काकाजी, बैल ओरडून राहिला," बबी सांगे.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मारबतीची मिरवणूक निघाली. कागद-बांबूची ती अक्राळविक्राळ बाई पाहायला आम्ही सगळे नाक्यावर. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" या आरोळीला नागपुरात जो तो आपलं दुखणं जोडतो. कोणी ढेकूण दिले, कोणी रॉकेलची रांग दिली. काकाजींनी हात उंचावून सगळ्यांवर ताण केली. "आमच्या गल्लीतली राक्षसीन घेऊन जा गे मारबत!"

आम्ही खो खो हसलो. बबी तिथंच, त्यांच्या शेजारी उभी होती.

संध्याकाळी पोरं बैल घेऊन आली. काकाजी मुरमुरे-फुटाण्यांची परात घेऊन बसले होते. सगळे येऊन गेले, बबी नाही.

"पोट्टी दिसून नाही राहिली वं सूनबाई," ते मला म्हणाले. "दुपारपासून आवाज नाही."

"मग झोप छान लागली असेल?"

"कुठची! लागलीच नाही."

आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. बबी बाजेखाली बसली होती, बैलाला छातीशी धरून. चारही चाकांना आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट बांधलेल्या. तिनं बैल जमिनीवर ढकलून दाखवला.

"पाहा काकाजी, वाजत नाही आता." बबीला कुजबुजता येतं हे मला तेव्हा कळलं. "मारबतले गावाबाहेर नेऊन जाळतेत ना? मले नेऊ नको म्हना तिले."

काकाजी खाली बसले. चिंध्यांच्या गाठी सोडू लागले. बोटांनी सुटेनात, तेव्हा दातांनी सोडल्या. मग बैलाची दोरी धरून, धोतर सावरत, ते गल्लीत उतरले आणि खडखड खडखड टोकाकडे निघाले.

"मी सांगून राहिलो हं!" त्यांनी गार्डाचा आवाज लावला. "राक्षसीन आमची आहे! कोनालेच देत नाही!"

खिडक्या उघडल्या. बबी मागून धावली आणि तिनं त्यांचं धोतर ओढलं.

"हळू ओढा ना काकाजी," ती म्हणाली, "कोनाचं तरी डोकं दुखन."