आठ काहिलींची सरासरी

सन १९७७ च्या हंगामात विद्यापीठाने परिपत्रक काढून कळवले की संशोधनात वैविध्य असणे आवश्यक आहे. विज्ञान, तंत्रविद्या, भाषा आणि कला या चारही शाखांनी मिळून एकाच विषयावर संशोधन केल्यास अनुदान मिळेल; न केल्यास ते परत जाईल. अनुदान परत जाणे कोणत्याही विद्वानाला पाहवत नाही. त्यामुळे चार शाखांचे चार प्राध्यापक एका जीपमध्ये बसून विषय शोधायला निघाले. कुंडलच्या अलीकडे जीप बंद पडली. समोर आप्पासोंचे गुऱ्हाळ चालू होते. विषय ठरला.

या गुऱ्हाळावर नाथाजी गुळव्या होता. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत, आटत गुळाच्या बेताला येतो आणि नेमक्या वेळी काहील चुलवाणावरून उतरवावी लागते. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. ती वेळ ओळखणे एवढेच नाथाजीचे काम. तेहेतीस वर्षे तो काहिलीशेजारी उभा राहून "आला" म्हणत होता, आणि तो "आला" म्हणाला की गडी काहील उचलत. तेहेतीस वर्षांत त्याला कोणी 'कशावरून' असे विचारले नव्हते.

आता चौघांनी एकदम विचारले.

नाथाजीला आनंद झाला. एवढे शिकलेले लोक आपल्याला काही विचारतात, या विचाराने त्याने दुसऱ्या दिवशी धुतलेला पटका बांधला. प्राध्यापकांची नावे त्याच्या लक्षात राहीनात, म्हणून त्याने कामावरून नावे पाडली: रसायनवाले, यंत्रवाले, भाषावाले आणि संगीतवाले. रसायनवाले त्यांत वडील होते आणि समितीचे प्रमुखही होते.

पहिल्या काहिलीला भाषावाले वही घेऊन पुढे सरसावले.

"तुम्ही 'आला' म्हणता. कोण आला?"

"गूळ आला, साहेब."

"कुठून आला?"

नाथाजी विचारात पडला. "कुठनं म्हंजी... रसातनंच की."

"म्हणजे तो आधी रसात होता. मग 'आला' कसा म्हणता? 'होता' का नाही म्हणत?"

"होता म्हनलं तर गडी काहील उचलत न्हाईत."

भाषावाल्यांनी हे लिहून घेतले. लिहून होईपर्यंत काहिलीतून काळा धूर निघू लागला. नाथाजी वळून म्हणाला, "आला व्हता. गेला." भाषावाले फार खूश झाले, त्यांना पूर्ण भूतकाळाचे उदाहरण हवेच होते.

दुसरी काहील यंत्रवाल्यांची. नाथाजी पाण्यात बोटे बुडवून उकळता पाक उचलतो आणि त्याची गोळी वळून पाहतो, हे त्यांना समजले होते. त्यांनी त्याच्या बोटांची मापे घेतली. मापे मिलिमीटरमध्ये घ्यायची होती आणि पट्टी इंचांची होती. काहील करपली. तिसरीच्या वेळी रसायनवाल्यांनी रंगाचा तक्ता आणला आणि पाक कोणत्या चौकोनाशी जुळतो हे बोट ठेवून दाखवायला सांगितले. पाकाचा रंग तक्त्यात नव्हता. तक्ता मुळात भिंतींच्या रंगांचा होता. चौथ्या काहिलीला संगीतवाल्यांनी बुडबुड्यांचा ताल मोजला आणि तो सोळा मात्रांचा असल्याचे सांगितले. पण सम सापडेपर्यंत पाकाचा कोळसा झाला.

आप्पासो कडेला उभे राहून हे पाहत होते. चौथ्या काहिलीनंतर ते नाथाजीला बाजूला घेऊन म्हणाले, "गड्या, ऊस माझा हाय रं."

"मला ठाव हाय की. पर साहेबलोक इचारत्यात, तर तोंड फिरवून कसं चालंल?"

पाचवी, सहावी आणि सातवी काहील याच रीतीने गेल्यावर समितीत मतभेद झाले. रसायनवाल्यांच्या मते नाथाजी डोळ्यांनी ओळखत होता, यंत्रवाल्यांच्या मते बोटांनी, संगीतवाल्यांच्या मते कानांनी. भाषावाल्यांचे म्हणणे होते की तो ओळखत काहीच नाही. तो बोलतो आणि बोलल्यामुळे गूळ होतो. निकाल लावण्याचा शास्त्रीय मार्ग एकच होता. प्रत्येक शाखेने आपापला घटक वगळून पाहायचा. पण अनुदानाची मुदत शनिवारी संपत होती आणि हा गुरुवार होता. तेव्हा चारही घटक एकाच काहिलीत वगळण्याचे एकमताने ठरले.

नाथाजीला खुर्चीवर बसवले. डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. कानांत कापूस कोंबून वरून मफलर गुंडाळला. हातांत जीपमधले कातडी हातमोजे घातले आणि ते खुर्चीला बांधले. तोंडावर रुमाल आवळला. वेळ झाली असे वाटल्यास त्याने पाय आपटावा, असे ठरले. नाक मोकळे ठेवण्यात आले, कारण त्यावर कोणत्याही शाखेने हक्क सांगितला नव्हता; शिवाय प्रयोग संपेपर्यंत माणूस जिवंत असणे इष्ट होते.

त्याच वेळी नाथाजीची बायको साळूबाई भाकरी घेऊन आली. खुर्चीला बांधलेला नवरा पाहून ती जागच्या जागी थांबली.

"आवं आप्पासो, काय चोरलं यांनी?"

"चोरी न्हाई साळूबाई. संशोधन हाय."

"मग सोडणार कवा?"

"गूळ आला की."

साळूबाई भाकरीचे फडके मांडीवर घेऊन तिथेच बसली. नाथाजीला ना ती दिसली, ना तिचा आवाज आला. त्या अंधारात त्याला पहिल्यांदा भीती वाटली. तेहेतीस वर्षे आपण खरोखर कशावरून ओळखत आलो, हे त्याचे त्यालाच सांगता येईना. आज चुकलो तर ही चार शहाणी माणसे लिहून नेणार की नाथाजी गुळव्याला काही येत नव्हते. घामाने पटका भिजला. मग हळूहळू उसाचा हिरवा वास गेला, मळीचा उग्र वास गेला, भाजल्या शेंगांसारखा एक वास आला, आणि त्याच्या मागून तो दुसरा, गोड आणि किंचित तिखट, जो त्याच्या अंगरख्याला, अंथरुणाला, साळूबाईच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या घामालाही येत असे.

नाथाजीने पाय आपटला.

गड्यांनी काहील उचलली. वाफ्यात ओतलेला गूळ निवत गेला तसा पिवळाधमक झाला. आप्पासोंनी खडा तोंडात टाकला. त्यांनी दुसरा खडा घेतला. साळूबाईने उठून नवऱ्याच्या तोंडावरचा रुमाल सोडला.

"कशावरून ओळखलंत?" रसायनवाल्यांनी विचारले.

"वासावरनं, साहेब."

"हे आधी का सांगितलं नाहीत?"

"वासाचं कुनी इचारलंच न्हाई."

समितीची तातडीची बैठक चिंचेखाली भरली. वास मोजण्याचे एकक नसल्याने रसायनवाल्यांनी नाक नाकारले. उपकरण नसल्याने यंत्रवाल्यांनी नाकारले. मराठीत वासाला पुरेसे शब्द नाहीत, असे भाषावाल्यांचे म्हणणे पडले. संगीतवाल्यांनी जराशी सहानुभूती दाखवली, पण नाकात गाणे हा दोष आहे, एवढेच त्यांच्या शास्त्रात होते. आणि मंजूर आराखड्यात चार शाखा होत्या. पाचवी काढायची तर नवे परिपत्रक लागणार, आणि शनिवार परवावर आला होता.

अहवालात पुढील वाक्य घालण्यात आले: 'आठव्या काहिलीतील गूळ योग्य वेळी उतरला, तथापि तो ज्या कारणाने उतरला ते कारण समितीस मान्य नसल्याने तो योग्य वेळी उतरला असे म्हणता येत नाही.' तरीही शेतकऱ्यांना काहीतरी उपयोग व्हावा, म्हणून यंत्रवाल्यांनी आठही काहिलींच्या वेळा मांडून सरासरी काढली. सात करपलेल्या होत्या आणि एक चांगली. सरासरी दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटे आली. शास्त्रोक्त गुळाची हीच वेळ, अशी शिफारस झाली.

या अहवालातून चार स्वतंत्र प्रबंध निघाले आणि चारही प्राध्यापक त्याच वर्षी डॉक्टर झाले. संशोधनातील वैविध्याबद्दल विद्यापीठाचे कौतुक झाले. चारही प्रबंधांत नाथाजीचा उल्लेख आहे; तिहींत 'एक निरक्षर माहितगार' असा आणि चौथ्यात 'नमुना क्रमांक १' असा.

पुढच्या हंगामात गुऱ्हाळांना घड्याळे आली. जे घड्याळावर काहील उतरवतील त्यांच्या ढेपेवर 'संशोधित' असा जांभळा शिक्का बसू लागला. आप्पासोंनी महिनाभर दाद दिली नाही. मग सांगलीचा व्यापारी बिनशिक्क्याची ढेप उचलेना, तेव्हा ते नाथाजीच्या घरी आले आणि उंबऱ्यावर बसले.

"तुझं नाक मंजूर न्हाई, नाथाजी. माझा काय इलाज न्हाई रं."

"घड्याळ किती येळानं उतरीवतंय?"

"दोन अठ्ठेचाळीस."

"करपणार."

"समद्यांचं रोज करपतंय," आप्पासो म्हणाले.

दोन कोसांवर साळूबाईच्या भावाचे लहानसे गुऱ्हाळ होते. शिक्क्यासाठी अर्ज करण्याइतकेही मोठे नव्हते. तिथे नाथाजी जाऊ लागला. संक्रांतीच्या आधी तो पाच ढेपा घेऊन सांगलीला गेला आणि एका दुकानाच्या पायरीशी बसला. दुकानात शिक्क्याचा गूळ खपत होता. लोक खडा तोंडात टाकत, तोंड वाकडे करत, शिक्का वाचत आणि चेहरा सरळ करून पिशवी पुढे करत.

धोतर, कोट, चष्मा असे एक सभ्य गृहस्थ आले. त्यांनीही खडा चाखला आणि ते थांबले.

"करपलाय न्हवं त्यो," नाथाजी खालून हळूच म्हणाला.

गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिले. "संशोधित आहे. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

नाथाजीने स्वतःच्या ढेपेचा तुकडा मोडून वर धरला. गृहस्थांनी संकोचून तो तोंडात टाकला. त्यांचे डोळे मिटले. लहानपणचे काहीतरी आठवल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी आणखी एक तुकडा मागून घेतला, तो संपवला आणि बोटेही चाटली.

"शिक्का कुठं आहे याच्यावर?"

"न्हाई, साहेब."

"अरेरे," गृहस्थ मनापासून म्हणाले. मग रुमालाने तोंड पुसून त्यांनी दुकानातली शिक्क्याची ढेप घेतली. सणाला चार माणसे घरी येणार होती.

हे गृहस्थ अडाणी होते असे कोणी समजू नये. ते गावातल्या वाचनालयाचे जुने सभासद होते, महिन्याला चार पुस्तके वाचत. सरकारी खुळचटपणाची थट्टा करणाऱ्या कथा तर त्यांना विशेष आवडत. त्या वाचताना ते पोट धरून हसत आणि म्हणत, लोक इतके मूर्ख कसे असतात कोण जाणे.